थंडीत उगवलेला जांभळा पट्टा : दुहेरी फ्लुओरेसन्सचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणपट्टीतील एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात जूनच्या पहिल्या पावसात सुरू झालेले आणि दिवाळीच्या सुमारास मार्गी लागलेले हे प्रकरण आहे. त्यात तीन माणसे होती : पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात असलेली विद्यार्थिनी, तिच्या मार्गदर्शक मॅडम आणि विभागातील वर्णपटमापकांची, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो ते नोंदवणाऱ्या उपकरणांची, जबाबदारी सांभाळणारा मी. मी येथे तटस्थ निरीक्षक म्हणून लिहीत नाही. पुढे जी चूक झाली तिच्यात माझाही वाटा होता आणि तो जागच्या जागी सांगितला आहे.

फ्लुओरेसन्सला, म्हणजे रेणूने प्रकाश शोषून लगेच पुन्हा प्रकाश टाकण्याला, मराठीत प्रतिदीप्ती असा चांगला शब्द आहे, परंतु प्रयोगशाळेत तो कोणी उच्चारत नाही, म्हणून येथेही रुळलेलाच शब्द वापरतो. प्रकाश शोषून रेणू कितीही वरच्या ऊर्जापातळीवर गेला, तरी तो आधी सर्वांत खालच्या उद्दीपित पातळीवर घसरतो आणि तेथूनच प्रकाश बाहेर टाकतो, असा नियम मायकेल काशा यांनी १९५० मध्ये मांडला. या नियमानुसार एका रेणूकडून उत्सर्जनाचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा, एकच पट्टा अपेक्षित असतो. ॲझुलीनसारखे मोजके रेणू हा नियम सरळ मोडतात आणि दुसऱ्या उद्दीपित पातळीवरून चमकतात. दुहेरी फ्लुओरेसन्स दाखवणारे बहुतेक सेंद्रिय रेणू मात्र नियम मोडत नाहीत. उद्दीपित झाल्यानंतर आणि प्रकाश टाकण्यापूर्वी मिळणाऱ्या अत्यल्प अवधीत त्यांच्यापैकी काहींचे रूपच बदलते. मग मूळ रूपाचा एक आणि बदललेल्या रूपाचा एक, असे दोन पट्टे दिसतात.

रूप बदलण्याचे दोन मार्ग अधिक अभ्यासले गेले आहेत. डायमिथाइलअमिनो-बेंझोनायट्राइल या साध्या दिसणाऱ्या रेणूत विद्युतभार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. हेक्झेनमध्ये त्याचा एकच पट्टा दिसतो, परंतु ॲसिटोनायट्राइलसारख्या ध्रुवीय द्रावकात ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या पट्ट्याबरोबर ४८० च्या आसपास दुसरा, रुंद पट्टा उभा राहतो. लिपर्ट यांनी हे निरीक्षण १९५९ मध्ये नोंदवले. भार सरकताना अमिनो गट पिळवटून काटकोनात जातो, असे स्पष्टीकरण वॉर्साच्या ग्राबोव्स्की यांच्या गटाने १९७३ मध्ये दिले, तर ग्योटिंगेनचे झाखारियासे रेणू सपाटच राहतो असे अनेक वर्षे मांडत राहिले. दुसरा मार्ग प्रोटॉनच्या स्थलांतराचा. अल्बर्ट वेलर यांनी १९५० च्या दशकात मिथाइल सॅलिसिलेटच्या, म्हणजे विंटरग्रीन तेलाच्या मुख्य घटकाच्या, दोन पट्ट्यांचा उलगडा याच मार्गाने केला.

आमच्या विद्यार्थिनीचा रेणू दुसऱ्या मार्गाचा होता : ३-हायड्रॉक्सिफ्लॅव्होन. कांद्यातील क्वेर्सेटिन ज्या फ्लॅव्होनॉल कुटुंबातले, त्याच कुटुंबातला हा सर्वांत साधा सदस्य. त्याच्या हायड्रॉक्सिल गटाचा प्रोटॉन शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजनशी हायड्रोजन बंधाने बांधलेला असतो. प्रकाश शोषला की तो प्रोटॉन एका पिकोसेकंदाहूनही कमी वेळात त्या ऑक्सिजनकडे उडी घेतो. मूळ रूप ४०० नॅनोमीटरच्या आसपास जांभळे चमकते आणि प्रोटॉन सरकलेले रूप, म्हणजे टॉटोमर, ५३० च्या आसपास हिरवे. प्रदीप सेनगुप्ता आणि काशा यांनी या रेणूचे हे वर्तन १९७९ मध्ये फ्लोरिडात दाखवले. सेनगुप्ता यांनी पुढे कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्समध्येही फ्लॅव्होनॉलवरचे काम चालू ठेवले.

मॅडमचा हेतू उपयोजनाचा होता. परिसराची खबर देणारे रंगद्रव्य, म्हणजे शोधक-रेणू, एकाच पट्ट्याचा वापरला, तर उजेड कमी झाला तो रंगद्रव्य कमी पडल्यामुळे की दिवा मंदावल्यामुळे, हे कळत नाही. दोन पट्ट्यांचे गुणोत्तर घेतले की या बाबी दोन्हीकडून वजा होतात आणि उरते ते रेणूच्या परिसराविषयीचे विधान. कीव आणि स्ट्रासबुर्ग येथील संशोधकांनी याच तत्त्वावर ३-हायड्रॉक्सिफ्लॅव्होनला अमिनो गट आणि मेदाळ शेपटी जोडून असा शोधक बनवला की पेशी मरणपंथाला लागून तिच्या पटलाच्या बाह्य थरात बदल झाला की गुणोत्तर हलते. आमच्याकडे लिपिडच्या कृत्रिम पुटिकांवर, म्हणजे पेशीपटलासारखे आवरण असलेल्या सूक्ष्म पिशव्यांवर, असेच काही करण्याचा बेत होता. त्याआधी मूळ रेणूचे वर्तन अध्रुवीय द्रावकात नोंदवून ठेवावे, एवढेच पहिल्या टप्प्याचे काम होते, आणि ते पंधरा दिवसांत संपेल असे आम्ही धरले होते.

अडचण

मिथाइलसायक्लोहेक्झेनमधील द्रावणाचा सामान्य तापमानाला घेतलेला वर्णपट अपेक्षेप्रमाणे आला : हिरवा पट्टा ठळक आणि जांभळ्या बाजूला जेमतेम एक उंचवटा. मग द्रव नायट्रोजनच्या डेवार पात्रात नळी बुडवून ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, तोच वर्णपट घेतला. जांभळा पट्टा हिरव्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

विद्यार्थिनी हुशार, आणि मुख्य म्हणजे चिकाटीची. नळी हळूहळू तापू देत, थर्मोकपलवर तापमान वाचत, तिने मधल्या तापमानांना दोन्ही पट्ट्यांची उंची नोंदवली. गुणोत्तराचा लॉगॅरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढला तेव्हा बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर पडले. त्या रेषेच्या उतारावरून प्रोटॉनच्या उडीपुढे किती उंच ऊर्जा-अडथळा आहे हे काढता येते, असा तिचा तर्क होता : उष्णता कमी झाली, अडथळा ओलांडणारे रेणू घटले, म्हणून मूळ रूपातूनच प्रकाश टाकणारे वाढले. तर्कात खोट दिसत नव्हती. आलेख तर इतका देखणा होता की मॅडमनी तो छापून खोलीच्या फळ्यावर लावला. एका परिषदेसाठी सारांश पाठवण्याची मुदत तीन आठवड्यांवर होती.

शंका निघाली ती क्षुल्लक कारणाने. दुसऱ्या आठवड्यात, मुसळधार पावसाच्या दिवशी, तीच बाटली आणि तीच संहती घेऊन पुन्हा केलेल्या प्रयोगात ७७ केल्विनला जांभळा पट्टा आधीच्यापेक्षा बराच उंच आला. रेणूच्या अंगच्या अडथळ्याला बाहेरच्या पावसाशी देणेघेणे असण्याचे कारण नाही.

समोरचे पर्याय

आम्ही तिघे बसलो तेव्हा पाच वाटा टेबलावर होत्या आणि त्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

पहिली वाट सारांश पाठवून देण्याची. प्रयोग पुन्हा केल्यावर आकडे थोडे हलतात, सरासरी द्यावी, हा युक्तिवाद मॅडमनी स्वतःच मांडला आणि स्वतःच मागे घेतला.

दुसरी वाट उपकरणाला संशयित धरण्याची, आणि ती माझ्या अखत्यारीतली होती. फक्त द्रावक घेतला तरी त्याच्या रामन विकिरणाचे, म्हणजे रेणूंच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन विखुरलेल्या प्रकाशाचे, शिखर उत्सर्जनासारखे दिसते. ३४५ नॅनोमीटरने उद्दीपन केल्यास कार्बन-हायड्रोजन बंधाच्या कंपनामुळे ते ३८३ च्या आसपास पडते, म्हणजे नेमके जांभळ्या पट्ट्याच्या कुशीत. याची परीक्षा सोपी आहे : उद्दीपनाची तरंगलांबी ३३५ केली की रामन शिखर ३७१ कडे सरकते आणि खरा फ्लुओरेसन्स जागेवर राहतो. ही परीक्षा त्याच दुपारी झाली. सामान्य तापमानाच्या वर्णपटातला तो जेमतेम उंचवटा बव्हंशी रामनचा निघाला, परंतु ७७ केल्विनचा पट्टा हलला नाही. उपकरण सुटले आणि अडचण कायम राहिली.

तिसरी वाट उद्दीपित अवस्थेचे आयुर्मान मोजण्याची. एकाच उद्दीपित रूपातून दुसरे रूप जन्म घेत असेल, तर एका पट्ट्याचा ऱ्हास आणि दुसऱ्याची वाढ यांचा मेळ बसायला हवा. आमच्याकडे ते यंत्र नाही. दुसऱ्या शहरातील केंद्रीय उपकरण सुविधेत वेळ मिळायला दीड महिना लागणार होता आणि गोठलेले नमुने तेथवर नेणे हा आणखी वेगळाच प्रश्न होता.

चौथी वाट तुलनेसाठी ३-मिथॉक्सिफ्लॅव्होन बनवण्याची. त्याच्यात सरकण्याजोगा प्रोटॉनच नाही, त्यामुळे तो फक्त मूळ रूपाचा प्रकाश देतो. विद्यार्थिनीला ही वाट सर्वांत आवडली होती, कारण संश्लेषणात तिचा हातखंडा आहे. परंतु त्यातून जांभळा पट्टा मूळ रूपाचा आहे एवढेच सिद्ध झाले असते आणि ते कोणी नाकारत नव्हते. मूळ रूप प्रोटॉन सरकवण्याआधीच का चमकते आहे, हा प्रश्न तसाच राहिला असता.

पाचवी वाट पाण्याची. ती शेवटी सुचली आणि सुचली तेव्हा कोणालाच फारशी पटली नाही. मिथाइलसायक्लोहेक्झेन हा पाण्याशी उभा दावा असलेला द्रावक. बाटलीच्या चिठ्ठीवर पाण्याचे प्रमाण ०.०१ टक्क्याहून कमी असल्याचे छापलेले. एवढ्याशा पाण्याने काय होणार, असे मीच म्हणालो.

मग फळ्यावर हिशेब मांडला. आमच्या द्रावणात रंगद्रव्याची संहती लिटरला १० मायक्रोमोल होती. मिथाइलसायक्लोहेक्झेनच्या एका लिटरचे वजन सुमारे ७७० ग्रॅम. त्यात वजनाने दशलक्षात एक भाग पाणी असले, तर ते ०.७७ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४३ मायक्रोमोल होते. रंगद्रव्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे चार रेणू! चिठ्ठीवरच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे दशलक्षात शंभर भागांपर्यंत, पाणी असेल तर हेच प्रमाण एकाला चारशेहून अधिक. आमच्या डोळ्यांना कोरडा दिसणारा द्रावक रेणूच्या बाजूने पाहिला तर पाणवठाच होता.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय सारांश न पाठवण्याचा. तो मॅडमनी घेतला, आणि विद्यार्थिनीला तो लागला हे नोंदवायला हवे. दुसऱ्या वर्षातली पहिली परिषद हातची जाणे ही तिच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. ‘निदान भित्तिपत्रक तरी लावू द्या मॅडम,’ असे ती म्हणाली होती. मॅडमनी कारणे सांगितली, परंतु फळ्यावरचा आलेख काढला नाही. तो चुकीचा ठरला तर चुकीचा आलेख किती देखणा असू शकतो हे दिसत राहील, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा निर्णय द्रावक वाळवण्याचा. येथे माझा सल्ला घेतला गेला आणि तो अपुरा ठरला. भट्टीत तापवून घेतलेली मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषून घेणारे सच्छिद्र खडे, बाटलीत टाकून दोन दिवस ठेवा, नळ्या रात्रभर ओव्हनमध्ये ११० अंशांवर ठेवा आणि मग मोजा, असे मी सांगितले. त्याप्रमाणे केल्यावर ७७ केल्विनचा जांभळा पट्टा खाली आला, परंतु गेला नाही. पहिल्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येऊन तो थांबला. पुन्हा केले तरी तेवढाच.

संपूर्ण प्रकरणातील सर्वांत धोक्याचा क्षण हा होता, आणि तो तेव्हा धोक्याचा वाटला नाही. पाण्यामुळे येणारा भाग गेला, आता उरला तो रेणूचा खरा दुहेरी फ्लुओरेसन्स, असा समजूतदार वाटणारा निष्कर्ष आम्ही तिघांनीही जवळजवळ स्वीकारला होता. वास्तविक त्या प्रयोगातून एवढेच कळत होते की आमच्या वाळवण्याची धाव तेवढीच आहे. द्रावक कोरडा झाला तरी काचेच्या भिंतीवर पाण्याचा थर बसलेला असतो आणि ११० अंशांवर तो पुरता सुटत नाही. शिवाय ओव्हनमधून काढलेली नळी जुलैच्या हवेत, नव्वदीच्या घरातल्या आर्द्रतेत, थंड होते आणि उघडी असतानाच भरली जाते.

हा निष्कर्ष अडवला विद्यार्थिनीने. तोवर तिने उद्दीपन वर्णपट फक्त सामान्य तापमानाला घेतले होते. आता ७७ केल्विनला एकदा उत्सर्जन ५३० वर आणि एकदा ४०० वर धरून, कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषल्यावर तो पट्टा उजळतो हे तिने तपासले. दोन्ही पट्टे एकाच रेणूच्या एकाच मूळ अवस्थेपासून निघत असते, तर दोन्ही वर्णपट एकावर एक बसायला हवे होते. ते बसले नाहीत. फरक थोडा, परंतु स्पष्ट होता. म्हणजे प्रकाश पडण्याच्या आधीच नळीत दोन प्रकारची बिऱ्हाडे होती : आतला हायड्रोजन बंध शाबूत असलेले रेणू, आणि पाण्याने तो बंध सोडवून स्वतःकडे वळवलेले रेणू.

त्यानंतरचे काम हातचे राखून केले नाही. द्रावक सोडियमवर ठेवून निर्वात मार्गिकेतून ऊर्ध्वपातनाने थेट नळीत घेतला. सोडियमचा अंश बरोबर आला असता तर रंगद्रव्याचा प्रोटॉन काढून घेऊन ऋणायन तयार झाले असते आणि ४८० च्या आसपास तिसराच पट्टा निघून गोंधळ वाढला असता, म्हणून द्रावक फक्त वाफेच्या रूपानेच पलीकडे जाऊ दिला. नळी निर्वात स्थितीत ज्योतीने तापवून घेतली होती. द्रावण गोठवून, हवा ओढून, वितळवून, हे चक्र तीनदा केल्यावर नळीची मान ज्योतीनेच मिटवली. हे शेवटचे काम विभागातील निवृत्तीला आलेल्या काचकाम करणाऱ्या मामांनी केले. त्यांच्यानंतर ते कोण करणार, याचे उत्तर आजही विभागाकडे नाही.

निष्पत्ती

मिटवलेली नळी ७७ केल्विनला नेली. हिरवा पट्टा होता आणि जांभळ्याच्या जागी नुसती सपाट पायरेषा होती. नंतर त्याच नळीची मान फोडून ती पावसाळी हवेत थोडा वेळ उघडी ठेवली आणि पुन्हा गोठवली, तेव्हा जांभळा पट्टा परत आला. माझ्या मते सर्व प्रयोगांत हा उलटा प्रयोग अधिक मोलाचा होता. पट्टा घालवण्याची अनेक कारणे असू शकतात. तोच रेणू, तीच नळी आणि तीच संहती ठेवून, केवळ हवा लागू दिल्यावर तो परत आणता आला.

मग तो देखणा आलेख कशाचा होता? थंडीमुळे प्रोटॉनची उडी मंदावली नव्हती. थंडीमुळे पाण्याचे रेणू रंगद्रव्याला अधिक घट्ट आणि अधिक संख्येने चिकटले होते. पाण्याचा एकच रेणू मध्ये बसला तर प्रोटॉन त्याच्यामार्फतही पलीकडे जाऊ शकतो, परंतु भोवती एकाहून अधिक रेणू जमले की वाट अडते आणि मूळ रूप जांभळे चमकून मोकळे होते. अशा बांधणीच्या समतोलाचा स्थिरांकही तापमानाच्या व्यस्ताशी सरळ रेषेनेच बदलतो. म्हणजे रेषा खरी होती, उतार खरा होता, फक्त तो उतार अडथळ्याचा नसून चिकटण्याच्या ऊर्जेचा होता.

आता या प्रकरणातला अवघड वाटणारा, परंतु सांगायलाच हवा असा भाग. आमचा निष्कर्ष नवा नव्हता. १९७९ च्या निबंधानंतर याच रेणूच्या ऊर्जा-अडथळ्याविषयी नेमका हाच घोळ झाला होता, आणि मॅकमॉरो व काशा यांनी १९८३-८४ मध्ये हायड्रोकार्बन द्रावक कसून शुद्ध करून, जांभळे उत्सर्जन पाण्यासारख्या हायड्रोजन बंध जोडणाऱ्या अशुद्धीच्या अंशामुळे येते आणि प्रोटॉनच्या उडीपुढे अंगभूत अडथळा मानण्याचे कारण उरत नाही, असे दाखवले होते. विद्यार्थिनीने १९७९ चा निबंध वाचला होता आणि मग थेट शोधक-रेणूंवरच्या अलीकडच्या निबंधांकडे उडी घेतली होती. मधली काही वर्षे आम्हा तिघांकडूनही वाचायची राहून गेली.

प्रकल्प बुडाला नाही, त्याचा रोख बदलला. पाण्याला रेणू इतका हळवा असेल, तर पुटिकांच्या पटलात त्याच्या जांभळ्या-हिरव्या गुणोत्तरावरून पटलाच्या कोणत्या थरात पाणी किती शिरले आहे हे विचारता येईल, अशी नवी मांडणी दिवाळीनंतरच्या आढाव्यात मान्य झाली. ज्या उपयोजनासाठी हा रेणू घेतला होता त्याच्याशी ती अधिक जवळची आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, नुसत्या द्रावकाचा कोरा वर्णपट पहिल्याच दिवशी, ७७ केल्विनलाही, घ्यायला हवा होता. त्याने पाण्याचे कोडे सुटले नसते, परंतु रामनचा उंचवटा दोन आठवडे खऱ्या पट्ट्याचे बीज म्हणून मिरवला नसता आणि पट्टा थंडीत ‘वाढतो’ ही भाषाच आमच्या तोंडी बसली नसती. थंडीत तो वाढला नव्हता, नव्याने आला होता.

दुसरे, तापमान बदलताना आपण एकाच गोष्टीला हात लावतो आहोत, हे गृहीतक कोणीही तपासले नाही. द्रावणात जोडी जमवू शकणारा कोणताही दुसरा घटक असेल, तर तापमान हे दोन दोऱ्या एकदम ओढते. त्याऐवजी सामान्य तापमानाला पाणी किंवा इथेनॉल मोजून-मापून घालत गेलो असतो आणि मग त्यातील काही नमुने गोठवले असते, तर एका आठवड्यात उत्तर मिळाले असते. संशयित पदार्थ काढून टाकणे कष्टाचे असते, घालणे सोपे असते. आम्ही कष्टाची बाजू आधी धरली.

तिसरे, उद्दीपन वर्णपट ज्या परिस्थितीत प्रश्न उभा राहिला त्याच परिस्थितीत, म्हणजे गोठलेल्या नमुन्यावर, घ्यायला हवे होते. सामान्य तापमानाला जांभळा पट्टा जवळजवळ नव्हताच. तेथे त्याचा उद्दीपन वर्णपट म्हणून जे काही मिळाले, त्याला आधार नव्हता.

सारांश पाठवायचा की नाही, या निर्णयाबद्दल मात्र माझे आणि मॅडमचे अजून एकमत नाही. त्यांच्या मते न पाठवणे हेच बरोबर होते. मला वाटते, अडथळ्याचा शब्द गाळून केवळ निरीक्षण आणि पावसाळी दिवसातली विसंगती असे भित्तिपत्रक लावले असते, तर १९८४ चा तो निबंध वाचलेली एखादी व्यक्ती त्या गर्दीत भेटली असती आणि आमचे दोन महिने वाचले असते. विद्यार्थिनीने या वादात कोणाची बाजू घेतलेली नाही. तिने तिच्या टेबलावरच्या द्रावकाच्या प्रत्येक बाटलीवर, छापील चिठ्ठीच्या खाली, रंगद्रव्याच्या एका रेणूमागे पाण्याचे जास्तीत जास्त किती रेणू निघतील तो आकडा पेनाने लिहून ठेवला आहे.